ताराबाई मोडक : अंगणापर्यंत आलेली शाळा

(बी. ए. अंतिम वर्ष, मानसशास्त्र)

चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अंगणवाडी हा शब्द ज्याला ठाऊक नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की चार-चार दिवस ज्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, अशा जंगलातल्या टोल्यांवरही हा शब्द पोचला आहे. घरात मराठी बोलोत, गोंडी बोलोत, माडिया बोलोत वा तेलुगू. शब्द तोच राहतो. परंतु ज्यांच्या कामातून तो रुळला त्या बाईंचे नाव आपल्या वर्गात विचारले, तर फार थोडे हात वर होतील. ताराबाई मोडक हे ते नाव. त्यांचे चरित्र मी यंदा मुद्दाम मिळवून वाचले. त्यातून जे उमगले ते माझ्या महाविद्यालयीन बंधु-भगिनींपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

चरित्राकडे वळण्याचे निमित्त मात्र वेगळे होते. मानसशास्त्राच्या चर्चासत्रासाठी माझ्या वाट्याला स्कीमा थेरपी हा विषय आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही उपचारपद्धती मांडली. स्कीमा म्हणजे साध्या भाषेत मनाचा साचा. लहानपणी मुलाच्या मूलभूत भावनिक गरजा वारंवार अपुऱ्या राहिल्या, तर स्वतःविषयी आणि जगाविषयी काही ठाम समजुती त्याच्या मनात घट्ट बसतात. जवळची माणसे टिकत नाहीत, माझ्यातच काही खोट आहे, कोणावर विश्वास टाकावा असे जग नाही, या त्या समजुती. पुढे येणारा प्रत्येक अनुभव मूल त्याच साच्यात ओतून पाहते. यंग यांनी असे अठरा साचे सांगितले आहेत.

ज्या गरजा अपुऱ्या राहिल्याने हे साचे बनतात, त्यांचे त्यांनी पाच गट केले. सुरक्षित जिव्हाळा ही पहिली गरज. आपल्या पायांवर उभे राहता येणे ही दुसरी. मनातले आणि गरजेचे मोकळेपणाने सांगता येणे ही तिसरी. खेळ आणि उत्स्फूर्तपणा ही चौथी. आणि समजुतीने घातलेली मर्यादा ही पाचवी. मूळ पद्धती प्रौढांसाठी होती. जर्मनीतील क्रिस्टोफ लूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बालकांसाठी आणि कुमारवयीनांसाठी बेतून घेतली; त्यांचा ग्रंथ २०१३ साली जर्मन भाषेत निघाला. लहान मूल खुर्चीत बसून आपल्या मनाचे विश्लेषण करीत नाही. म्हणून तेथे हातात घालायच्या बाहुल्या, चित्रे, गोष्टी आणि खेळ हीच उपचाराची साधने होतात. शिवाय मुलाबरोबर आई-वडिलांशीही काम करावे लागते. कारण त्यांच्या मनात त्यांच्या बालपणाचे साचे असतात आणि ते नकळत पुढच्या पिढीला लागतात.

आपल्याकडचे बुरड बांबू हिरवा असतानाच त्याच्या कामट्या काढतात आणि टोपलीला आकार देतात. बांबू वाळला की तो वाकत नाही, तडकतो. मुलांच्या बाबतीत या पद्धतीचे सार मला एवढेच वाटले. साचा पक्का होण्याआधी मुलाला गाठा. आणि त्याहून बरे म्हणजे वाईट साचा बनूच नये अशी व्यवस्था करा. हे वाचीत असतानाच आमच्या गावाकडचे चित्र डोळ्यांपुढे आले. आमच्या गावात मनोविकारतज्ज्ञ कोठून यायचा? आमच्याकडे आहे ती अंगणवाडी. माझी आई तिथे सेविका आहे. तेव्हा ही अंगणवाडी कोणी आणि कशासाठी उभी केली हे शोधू लागले, आणि ताराबाईंपर्यंत येऊन पोचले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, आईचे नाव उमाबाई. मुलींनी शिकावे हे त्या घरात पटवून द्यावे लागत नव्हते. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाची किंमत कळते. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडात आल्या. आपल्या विदर्भाशी त्यांचा संबंध जुळला तो असा. पण हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ च्या सुमारास तो संपुष्टात आला, आणि लहानग्या मुलीला घेऊन ताराबाई एकट्याने आयुष्याला सामोऱ्या गेल्या.

शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या सुशिक्षित बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. दोष बाईचाच, ही समजूत आजही पुरती गेलेली नाही. माझ्यातच खोट आहे हा साचा मोठ्या माणसाच्या मनावरही समाज लादू पाहतो. ताराबाईंनी तो स्वीकारला नाही. त्या सौराष्ट्रात राजकोटला गेल्या आणि बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. शिक्षिका घडविणारी ती संस्था. नोकरी मानाची, पगार चांगला, भवितव्य निर्धास्त. एकट्या बाईला यापेक्षा अधिक काय हवे, असे कोणीही म्हणाले असते.

पण त्याच सौराष्ट्रात, भावनगरला, एक विलक्षण प्रयोग चालला होता. गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने वकिली सोडून श्री दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, बक्षिसांची चढाओढ नाही. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना हात, डोळे आणि कान वापरून स्वतः शिकू द्यायचे, असा त्याचा बाणा. या प्रयोगामागे इटलीच्या डॉ. मारिया माँटेसोरी यांची प्रेरणा होती. माँटेसोरीबाईंचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातल्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत उघडले होते. म्हणजे ज्या पद्धतीला आपण पुढे श्रीमंतांची समजू लागलो, ती जन्मली गरिबांच्या मुलांतच.

१९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. प्राचार्यपद टाकून बालवर्गात जाऊन बसणे म्हणजे लोकांच्या लेखी दोन पायऱ्या खाली उतरणेच होते. परंतु त्यांना तेथे आपल्या जन्माचे काम सापडले. गिजुभाईंना गुजरातेत लोक मूछाळी मा, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. हे नाव वाचून मला हसू आले, आणि मग मी विचारात पडले. स्कीमा थेरपीत एक महत्त्वाचे तत्त्व आहे. उपचार करणाऱ्याने मर्यादित स्वरूपात पालकाची जागा घ्यावी, आणि लहानपणी जो जिव्हाळा मिळाला नाही त्याचा थोडा तरी अनुभव द्यावा, असे ते तत्त्व. शिक्षकाने काही तास आई व्हावे ही गोष्ट भावनगरच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी एका टोपणनावात सांगून टाकली होती!

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाईंनी शिक्षणपत्रिकेचे काम सांभाळले. आधी गुजरातीतून आणि पुढे मराठीतून. हे काम दिसायला छोटे वाटते. पण त्याचे मर्म मला फार मोठे वाटते. मुलाला मारू नये, त्याला भिववू नये, त्याच्या हट्टामागचे कारण शोधावे, हे मुलाला सांगून उपयोग नाही. ते आई-बापांना सांगावे लागते. पत्रिका घरोघर जाऊन आई-बापांशी बोलत होती. मुलावर उपचार करायचा तर पालकांशीही काम करा, हे आजचे सूत्र त्यांनी छापखान्याच्या मदतीने अमलात आणले होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षणाची गोडी लागली ती अशा संस्थांमुळे. तेथे बालवर्ग होता आणि शिक्षिकांना तयार करणारे अध्यापन मंदिरही होते. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले. त्याच साली माँटेसोरीबाई भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यारला त्यांनी शिक्षणवर्ग घेतले. बालशिक्षणाला प्रतिष्ठा आली, शहरोशहरी बालमंदिरे निघू लागली. ताराबाई पन्नाशीला आल्या होत्या. त्यांनी आता स्वस्थ बसून मान घेतला असता तरी कोणी नावे ठेवली नसती.

परंतु त्यांच्या मनात एक शल्य होते. माँटेसोरीची लाकडी साधने महाग, शाळेची फी महाग. खेड्यातल्या मुलाने काय करावे? जी पद्धत मजूरवस्तीत जन्मली ती बंगल्यांतच अडकून पडावी हे त्यांना पटेना. याच सुमारास आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातही असाच विचार चालू होता. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींची नई तालीम सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सुरू झाली होती. १९४५ साली सेवाग्रामला तिचा विस्तार करून त्याहून लहान मुलांनाही तिच्यात घ्यावे असे ठरले. ताराबाई गांधीविचाराच्या होत्या. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईतला स्थिर संसार मागे टाकून त्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या आणि त्यांनी तेथे ग्रामबालशिक्षा केंद्र उघडले.

येथेच त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे त्यांचे बालपण. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरूच न झालेला. आणि या दोघींनी मिळून हजारो परक्या मुलांचे बालपण सांभाळले! दोघींची जोडी शेवटपर्यंत टिकली.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. बालवाडी हा शब्दही ताराबाईंचाच मानला जातो. गावातली बरी परिस्थिती असलेली मुले येऊ लागली. पण मजुरांची आणि आदिवासींची मुले येत ना. आता येथे दोन मार्ग होते. आम्ही शाळा काढली, ही मुलेच येत नाहीत, यांच्या आई-बापांना शिक्षणाचे महत्त्व नाही, असे म्हणून मोकळे व्हावे. आजही आपण हेच ऐकतो. ताराबाईंनी प्रश्न उलटा फिरवला. मूल शाळेत येत नसेल तर चूक मुलाची नसून शाळेची आहे. तेव्हा शाळेनेच उठून मुलाकडे जावे. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या, कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. जिथे मूल रांगले, जिथून आई हाकेच्या अंतरावर दिसते, त्याच जागी शाळा भरू लागली. तीच अंगणवाडी.

मला वाटते, ताराबाईंच्या साऱ्या आयुष्याचा अर्थ या एका कृतीत साठवला आहे. आईपासून तुटल्याशिवाय शिकता यावे ही सोय तीन वर्षांच्या मुलाला केवळ सोयीची नसते. ती त्याच्या मनाचा पाया असते. सुरक्षित जिव्हाळा ही गरज जी यंग यांनी पहिल्या क्रमांकाला ठेवली, ती ताराबाईंनी शाळेची जागा ठरवतानाच पूर्ण केली.

अंगणवाडीचा दिवस स्वच्छतेने सुरू होई. आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हा पहिला पाठ. येथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. मुलाला चारचौघांत घाणेरडा म्हणून हिणवून हाकलून देता येते. आणि त्याच मुलाला पाणी घालून, अंग पुसून, डोक्याला तेल लावून बसवताही येते. दोन्हींचा हेतू स्वच्छता असू शकेल. परंतु पहिल्याने मुलाच्या मनात मी खोटा आहे हा साचा बसतो, आणि दुसऱ्याने कोणीतरी मला जपते हा. ताराबाई आणि अनुताई यांनी दुसरी वाट धरली. काम कोणते केले यापेक्षा ते कोणत्या हाताने केले, यावर मुलाचे मन घडते.

१९५७ साली संस्थेने आणखी एक पाऊल पुढे टाकले. बोर्डी सोडून ती डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेली. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. वारली समाजाची स्थिती काय होती हे सांगितल्याविना या कामाचे मोल कळणार नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबायचे, अशी लग्नगड्याची पद्धत तेथे होती. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. कायद्याने माणूस सुटतो, पण भीती सुटायला पिढी जावी लागते. बापाला सावकारापुढे वाकलेले पाहणारे मूल काय शिकते? जग बलवंतांचे आहे, आपण बोलायचे नाही. हा साचा पुस्तकातल्या धड्याने मोडत नाही. परका, शिकलेला माणूस आपल्याशी बरोबरीने वागतो, आपली गोष्ट ऐकून घेतो, हा अनुभव रोज मिळाला तरच तो ढिला होतो.

कोसबाडला ताराबाई गेल्या तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. तेथे त्यांनी महागड्या साधनांचा प्रश्न कायमचा निकालात काढला. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू, माती हीच साधने झाली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले, आकार ओळखायला पाने. खर्च वाचला हा त्यातला लहान लाभ. मोठा लाभ हा, की मुलाला शाळेत आपलेच रान दिसले. आपल्या घरचे, आपल्या हाताखालचे काही शाळेत मान पावते हे पाहिले की मूल ताठ बसते.

पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. यामागचे कारण आपल्या भागातल्या कोणालाही चटकन कळेल. आई मजुरीला गेली की सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळते. ती शाळेत कशी येणार? ताराबाईंनी तिला सांगितले नाही की भावंडाला घरी ठेवून ये. भावंडालाही घेऊन ये, त्याच्यासाठी पाळणा आहे, अशी व्यवस्था केली. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायच्या दिवसांत आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात आमच्या गावांतून हेच दृश्य दिसते. स्कीमा थेरपीत स्वतःच्या गरजा गिळून सतत दुसऱ्याचे करीत राहण्याचा एक साचा सांगितला आहे. तो वाचताना मला कडेवर पोर घेतलेल्या या लहान मुली आठवल्या. त्यांचे आपण कौतुक करतो, किती शहाणी पोर म्हणतो. पण त्यांचा खेळ कोणी परत देत नाही. पाळणाघराने तो परत दिला.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली शिकताहेत, आणि गुरुजी त्यांच्यामागे कुरणात! मुलाचे कमावणे थांबवून शाळा पुढे रेटायची नाही. त्याचे जगणे जसे आहे तेथून सुरुवात करायची, हा त्यामागचा विचार. याचा अर्थ मुलांना मोकाट सोडले असा कोणी घेऊ नये. घेतलेली वस्तू जागेवर ठेवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याच्या कामात अडथळा न आणणे हे बालवाडीचे नियम होतेच. मर्यादा होती, मात्र ती धाकाची नव्हती.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे एकोणीस वर्षे, १९९२ साली त्या जाईपर्यंत, चालवले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले, आणि बोर्डीच्या अंगणातला शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत गेला.

शब्द गेला, त्यामागचा विचार किती गेला, हा प्रश्न मात्र उरतो. आणि आम्हा जंगलातल्या मुलांना तो प्रश्न पुस्तकी वाटत नाही. आमच्या गावात अंगणवाडी आहे, पुढची शाळा नाही. म्हणून सहाव्या वर्षी मला आश्रमशाळेच्या वसतिगृहात जावे लागले. आश्रमशाळा नसती तर मी आज पदवीच्या वर्गात नसते, हे मी विसरत नाही. तरीही तेथली एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या शेजारची मुलगी माझ्याच वयाची, मराठीचा एक शब्द न येणारी. तहान लागली तेव्हा तिने वर्गात येर मागितले. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. सगळा वर्ग हसला, शिकवणारेही हसले. त्यानंतर कितीतरी दिवस तिने वर्गात पाणी मागितलेच नाही. संध्याकाळपर्यंत ती तशीच बसून राहायची. शाळेतल्या कामाठीण मावशी आमच्याच बोलीच्या होत्या. त्यांच्या हे ध्यानात आले. मधल्या सुट्टीत त्या तिला हाक मारून स्वयंपाकघराच्या दारात बसवीत, गोंडीत चार शब्द बोलत आणि तांब्याभर येर देत. हळूहळू ती मुलगी बोलू लागली.

तेव्हा मला यातले काही कळत नव्हते. आता कळते. वर्गातल्या त्या हसण्यात एक साचा घडत होता : माझी भाषा हसण्यासारखी, म्हणजे मीच हसण्यासारखी, मागितले तर फजिती होते, म्हणून मागू नये. आणि स्वयंपाकघराच्या दारात, एका निरक्षर बाईच्या हातून, त्याच साच्यावर उपचार होत होता. त्या मावशींनी स्कीमा थेरपीचे नाव ऐकले नव्हते, ताराबाईंचेही ऐकले नव्हते. पण मूल जिथे आहे तिथे, त्याच्या भाषेत, त्याच्याजवळ बसायचे, ही ताराबाईंची रीत त्यांना उपजतच ठाऊक होती.

येथे एक शंका कोणी घेईल, आणि ती मीही स्वतःला विचारली. अंगणवाडी म्हणजे उपचार नव्हे. ज्या मुलाच्या मनाला खोल जखम झाली आहे, त्याला जाणकाराकडेच न्यावे लागेल. गोड बोलून आणि गाणी म्हणून ती भरणार नाही. हे मला मान्य आहे. दुसरीही एक शंका रास्त आहे. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसांनी आदिवासी मुलाच्या गरजा ठरवाव्यात, हे कितपत योग्य? माडिया आणि गोंड समाजात गोटूल होते. तरुण मुले-मुली आपल्या माणसांत, आपल्या भाषेत, गाणी-नाच आणि गावाची रीत तेथे शिकत. कुमारवयीनांना हवे असलेले स्वातंत्र्य आणि आपलेपण आमच्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको होते. परंतु ताराबाईंच्या वाटेने गेले तर या शंकेचे उत्तरही सापडते. त्यांनी मुलाला त्याच्या अंगणातून उचलून नेले नाही, त्या अंगणात जाऊन बसल्या. जो अंगणात बसतो, त्याला त्या घराचे ऐकावेच लागते.

आपल्या महाविद्यालयातून दर वर्षी कितीतरी विद्यार्थी बाहेर पडतात. त्यांतले बरेचसे शिक्षक होतील, काही आश्रमशाळांत जातील, काही जणी माझ्या आईसारख्या अंगणवाडीत बसतील. त्यांच्यापुढे पहिल्या दिवशी जे मूल येईल, ते आईचा हात नुकताच सोडून आलेले असेल आणि त्याच्या तोंडात दुसरी भाषा असेल. त्याच्या बोलीतले दहा शब्द आपण आधी शिकून गेलो तर? पाणी, आई, भूक, दुखते, भीती वाटते, झोप, घर, ये, बस, शाब्बास. एवढ्या शब्दांना निधी लागत नाही, शासकीय आदेश लागत नाही. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या सुट्टीपर्यंत आई दिसणार नसेल, तर निदान आपले म्हणावे असे एक माणूस शाळेत ठरवून देता येईल. त्या मुलीला ते योगायोगाने लाभले. सर्वांना ते व्यवस्थेने लाभावे.

ताराबाई राजकोटहून भावनगरला, मुंबईहून बोर्डीला आणि बोर्डीहून कोसबाडला गेल्या. प्रत्येक वेळी लोकांच्या हिशेबाने त्या खाली उतरत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या मुलाच्या अधिक जवळ जात होत्या. त्यांच्या पुण्यस्मृतीला माझे विनम्र अभिवादन.